परग्रहावरच्या हल्ल्याची जुनी गोष्ट बेळगावात आणायची तर काळ कुठला धरायचा?

अनगोळकर

नमस्कार मंडळी. आमचा इथला एकांकिका करणाऱ्या पोरापोरींचा ग्रुप आहे, ह्या वर्षी नाटकाच्या ऐवजी अर्ध्या-पाऊण तासाची फिल्म करायची ठरवलोय. गोष्ट एच. जी. वेल्सची, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', मंगळावरचे लोक येऊन इंग्लंड उद्ध्वस्त करतात ती. मूळ गोष्ट लंडनच्या बाजूला वोकिंगजवळ हॉर्सेल कॉमन नावाच्या माळावर सुरू होते, आमच्यात ती बेळगावात होणार एवढं पक्कं. भांडण लागलंय ते काळावरून. निम्मे म्हणालेत आजचा काळ घ्या, मोबाईल, ड्रोन, व्हॉट्सॲप, लोकांना आपलं वाटतंय. बाकीचे म्हणालेत जुनाच ठेवा, टांगे, तारा, कंदील, तेव्हाच ती भीती खरी वाटते.

मी १९५३ चा जॉर्ज पालचा सिनेमा आणि २००५ चा स्पीलबर्गचा, दोन्ही परत बसून बघितलो. दोघांनी पण गोष्ट आपल्या काळात आणि अमेरिकेत नेलीय आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. मग २०१९ ची बीबीसीची मालिका बघितलो, त्यात जुनं इंग्लंड आहे, कपडे घरं सगळं झकास, पण मधे मधे पकड सुटतेच. म्हणजे काळ जुना ठेवला की गोष्ट आपोआप जिवंत राहते असं पण नाही. दुसरी अडचण शेवटाची. एवढी मोठी यंत्रं घेऊन आलेले मंगळवाले साध्या जंतूंनी मरतात, हे आजच्या बघणाऱ्याला पटंल काय? का शेवट बदलावा? पैसे जवळपास नाहीतच असं धरून सांगा.

खानापूरचा मास्तर

पोरांनो, विषय लई चांगला काढलाय तुम्ही, म्हणून जरा लांब लिहितो.

काळ कुठला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुमच्या गोष्टीत लोक नेमके कशाला भिणार? चांगले रिमेक बघा, प्रत्येकानं आपापल्या वेळची भीती उचललीय. १९५३ च्या सिनेमात मंगळवाल्यांवर अणुबॉम्ब टाकतात आणि तो निकामी ठरतो. त्या वेळी अणुबॉम्बच्या पुढं काहीच नाही असं समजणाऱ्या लोकांना ते बघून काय वाटलं असेल विचार करा. २००५ चा बघा, अंगावर राख घेऊन टॉम क्रूझ घरात येतो, भिंतीवर हरवलेल्या माणसांची पत्रकं लागलेली, ते सरळ ११ सप्टेंबर २००१ नंतरचं अमेरिकन मन आहे. यंत्रं नवीन केली आणि भीती जुनीच ठेवली, किंवा भीती नुसती भाषणात सांगितली, की रिमेक पडतो. 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' चं तसंच झालं असं माझं मत. १९५१ मधे परग्रहावरचा पाहुणा अणुशस्त्रांबद्दल ताकीद द्यायला येतो आणि ती ताकीद त्या वेळच्या माणसाच्या पोटात जाते, २००८ मधे तो पर्यावरणासाठी येतो, विषय काय खोटा नाही, पण सिनेमात तो कुणाच्या घरापर्यंत पोचतच नाही.

आता वेल्सची स्वतःची भीती कुठली? पहिलंच प्रकरण परत वाचा. तो ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचं नाव घेतो. युरोपातनं आलेल्या लोकांनी तिथल्या मूळ माणसांचा पन्नासेक वर्षांत नायनाट केला, मग मंगळवाले आमच्याशी तसंच वागले तर आम्ही तक्रार कुठल्या तोंडानं करायची, असं तो आपल्याच इंग्रज वाचकाला विचारतो. सगळी कादंबरी ह्या एका प्रश्नावर उभी आहे. अमेरिकन सिनेमांनी हेच सगळ्यात आधी बाजूला टाकलं. आणि आपण कोण? ज्यांच्यावर राज्य झालं ते लोक. राणी चन्नम्माचं कित्तूर आपल्याच जिल्ह्यात. १८२४ ला तिथं कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि १८३१ ला इंग्रजांशी लढणाऱ्या संगोळी रायण्णाला फाशी दिली ती आमच्या तालुक्यातल्या नंदगडला. ही गोष्ट आपण सांगितली तर ती उलटी दिसणार, आणि तसं अजून कुणी दाखवलेलं माझ्या बघण्यात नाही.

त्यात अजून एक गोष्ट. ही कादंबरी मासिकात क्रमशः आली ती १८९७ मधे, पुस्तक निघालं १८९८ ला. त्याच १८९७ मधे मुंबई इलाख्यात प्लेग पेटला होता, आपलं बेळगाव पण तेव्हा मुंबई इलाख्यातच. जानेवारीत हाफकिन ह्या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, जूनमधे पुण्यात प्लेगचा अधिकारी रँडला गोळी घातली. म्हणजे तिकडं वेल्स लिहितोय की जंतूंनी मंगळवाले मेले आणि माणसं वाचली, आणि इकडं जंतूंनीच माणसं मरालेत, इंग्रज शिपाई तपासणीला घरात घुसालेत, लोक गाव सोडून मळ्यात झोपड्या बांधून राहालेत. उंदीर पडला की घर सोडायचं, हे आमच्या आजीच्या तोंडून मी लहानपणी ऐकलंय, तिला तिच्या आईनं सांगितलेलं. तुम्ही १८९७ चं बेळगाव घ्या, आधीच रिकामं पडत चाललेलं गाव, आणि त्यात मंगळवाले ज्यात बसून येतात ती नळकांडी आकाशातनं पडूदेत. जंतूंचा शेवट पटतो का म्हणून विचारलंस ना? ह्या काळात तो शेवट पहिल्या सीनपासूनच हवेत असणार. बदलू नका.

काकतीवाला

सर, टास्मानियाचं आणि प्लेगचं वाचून अंगावर काटा आला, खरंच. पण मी आजच्या काळाच्या बाजूनं बोलणार. पिरियड फिल्म म्हणजे रस्त्यावरची एक वायर दिसली तरी शॉट गेला, कपडे, टांगे, शिपायांच्या बंदुका, हे सगळं कुठनं आणणार पोरं? कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, जुने बंगले आहेत ते ठीक, पण परवानगी मिळायला पाहिजे की.

आणि भीती आजची पण आहेच. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' बघा. १९५६ ला छोटं गाव, माणसं तीच पण आतनं बदललेली, शेजाऱ्यावरचा विश्वास जातो. स्टुडिओनं घाबरून पुढं मागं जादा सीन जोडले आणि थोडी आशा दाखवली. १९७८ ला फिलिप कॉफमननं तीच गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत नेली, मोठं शहर, तिथं कोण कोणाला ओळखतच नाही, त्यामुळं कोण बदललंय हे कळणार तरी कसं? आणि शेवटी आशा बिशा काय ठेवलीच नाही. त्याच सिनेमात जुन्या सिनेमाचा हिरो केविन मॅकार्थी रस्त्यावर ओरडत पळत येतो, जणू तो १९५६ पासून पळतोच आहे. असा रिमेक पाहिजे, ज्याला आधीचं माहीत आहे आणि तरी पुढं जातो. जॉन कारपेंटरचा १९८२ चा 'द थिंग' पण तसाच, तो १९५१ च्या सिनेमाची नक्कल करत नाही, मागं जाऊन कॅम्पबेलची १९३८ ची मूळ कथा पकडतो, कुणाच्या पण रूपात येणारा प्राणी. तापलेली तार रक्तात बुडवून कोण खरा माणूस ते तपासतात तो सीन बघा, एक खोली, सात-आठ माणसं, एक वाटी रक्त. पैसे लागत नाहीत त्याला, लिहिता यायला पाहिजे.

आजच्या बेळगावात मी काय दाखवीन सांगू? पहिल्यांदा नेट जाणार. लोकांना वाटणार कुठंतरी काहीतरी दंगा झाला असंल म्हणून बंद केलंय, दुपारपर्यंत येईल. मग लष्कराच्या मराठा सेंटरच्या बाजूनं गाड्या जाताना दिसणार, सांबऱ्याच्या विमानतळाकडनं आवाज येणार, आणि घरातल्या माणसाला तेवढंच माहीत. वेल्सचा निवेदक पण साधाच माणूस आहे, त्याला पूर्ण चित्र कधीच दिसत नाही. २०२५ मधे एक व्हर्जन आली ती सगळी कंप्युटरच्या स्क्रीनवरच घडते, सरकारी माणूस खुर्चीत बसून सगळं जग बघतोय. सगळं दिसालंय म्हणूनच भीती नाही. मोबाईल दाखवा, पण बंद पडलेला दाखवा.

निपाणीची वाचक

काकतीवाले दादा, तुमचं शेवटचं वाक्य एकदम पटलं. त्याला जोडूनच सांगते, पैसे नाहीत तर आवाजावर भर द्या. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेतल्या ऑर्सन वेल्सनं (हा वेगळा वेल्स, कादंबरीवाला नाही) हीच गोष्ट रेडिओवर केली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता, तुमच्या ग्रुपच्याच वयाचा असेल. नाचाच्या गाण्यांचा कार्यक्रम चालू आहे, मधेच बातमी, परत गाणं, परत बातमी, आणि मग न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलवरनं बोलणारा बातमीदार वाक्य अर्धं टाकून गप्प होतो. ती काही सेकंदांची शांतता ऐका, अजून पण भीती वाटते. सगळी अमेरिका रस्त्यावर पळाली असं सांगतात ते मात्र वर्तमानपत्रांनी फुगवलेलं, अभ्यासकांनी नंतर तपासलंय, घाबरलेले लोक होते पण तेवढे नाही.

आपल्याकडं तर आवाजाला किती जागा आहे बघा. एकाच घरात मराठी बोलतात, दाराबाहेर कन्नड, दुकानात उर्दू, कॅम्पात इंग्रजी. संकटाची बातमी एका भाषेतनं दुसऱ्या भाषेत जाताना कशी बदलत जाते ते नुसतं ऐकवलं तरी बघणारा खुर्चीच्या टोकाला येऊन बसेल. लोंढ्याहून येणाऱ्या गाडीतले लोक एक सांगालेत, गोकाककडचे दुसरंच. मंगळवाल्यांची यंत्रं एकदाच दाखवा, शेवटी, पडलेली. त्याआधी फक्त ती 'उल्ला उल्ला' हाक, कादंबरीतच आहे ती, रिकाम्या लंडनमधे ऐकू येणारी. तो आवाज तुमच्यातल्या कुणीतरी गळ्यातनं काढा, मशीनवर करू नका.

काळाचं म्हणाल तर मी मास्तरांच्या बाजूची. प्लेगमधलं बेळगाव मला बघायचंय. आणि बायका कुठं आहेत त्या गोष्टीत? मूळ कादंबरीत निवेदक बायकोला लेदरहेडला नातेवाइकांकडं सोडून येतो आणि मग ती शेवटापर्यंत दिसतच नाही. मळ्यातल्या झोपडीत पोरं घेऊन राहिलेली बाई निवेदक करा, तिला प्लेग माहीत आहे, घरात घुसणारे शिपाई माहीत आहेत, आता हे तिसरं आलंय.

टिळकवाडी

माळ शोधायला लांब जाऊ नका. आपला व्हॅक्सीन डेपो! मोठमोठी झाडं, मधे मोकळी जागा, सकाळी धुकं असलं की दहा हातांवरचं दिसत नाही, आणि देवीची लस जिथं तयार व्हायची ती जागा. मंगळवाल्यांचं नळकांडं पडायचं ते तिथंच पडूदे. जंतूंनी मरणारे पाहुणे आणि लशीची जागा, एक शब्द न बोलता शेवट सांगून होतो. फक्त १८९७ धरणार असाल तर डेपो त्या वेळी होता काय ते आधी नीट बघून घ्या.

अनगोळकर

बाप रे, व्हॅक्सीन डेपो! आम्ही रोज तिथं फिरायला जातो आणि एकाला पण सुचलं नाही. ग्रुपवर टाकल्या टाकल्या दोन्ही पार्ट्या गप्प झाल्या. ताईंची बाई निवेदक करायची हे तर आत्ताच ठरलं, आमच्यातली एक मुलगी लिहायलाच बसलीय. काळाचं आज रात्री बसून ठरवू, माझा कल आता १८९७ कडं झुकलाय, सगळं झोपडीतनं आणि मळ्यातनं दाखवलं तर वायरी, रस्ते काहीच लागत नाही, काकतीवाले दादांची अडचण पण सुटते. मास्तर, अजून एक विचारायचं होतं, हक्काचं काय? कुणाला पत्र लिहावं लागतंय काय?

खानापूरचा मास्तर

वेल्ससाठी नाही. ते १९४६ ला वारले, आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २००६ संपलं तसे सुटले. पण ते मूळ इंग्रजी पुस्तकाचं. एखाद्या मराठी अनुवादातनं संवाद उचलायचे नाहीत, अनुवादकाचे हक्क वेगळे. सिनेमात नवीन घातलेल्या गोष्टी पण घेऊ नका, जमिनीत आधीच पुरून ठेवलेली यंत्रं ही २००५ च्या सिनेमातली, पुस्तकात नळकांडी आकाशातनं येतात. पुढंमागं बॉडी स्नॅचर्स करावं वाटलं तर त्या गोष्टीचे मूळ लेखक जॅक फिनी १९९५ ला वारले, त्याला रीतसर परवानगी लागणार.

पटकथा झाली की मला पाठवा, आणि झोपडी कुडाची करा, पत्र्याची नको. आमच्या मळ्यात उसाचा पाला पडलाय तो छपराला न्या, शनिवारी कुणीतरी गाडी घेऊन या.