एम३४०आय : वेगवान आहे हे कुणाला कळतच नसेल, तर घ्यायची कशाला?

घाटकरी
मित्राची बीएमडब्ल्यू एम३४०आय डिसेंबरात चार दिवस माझ्या ताब्यात होती. पुणे, कोल्हापूर, गगनबावडा उतरून कणकवली आणि परत. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. वेगवान गाडी घ्यावी तर अशी, चारचौघांत उठून न दिसणारी. तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं टर्बो इंजिन, ३७४ एचपी, ५०० एनएम टॉर्क म्हणजे ओढ, शून्यावरून शंभर ४.४ सेकंदांत. आणि कराडजवळच्या पंपावर पोऱ्या विचारतो, "डिझेलच ना, साहेब?" पेट्रोलचा नोझल आत जाईपर्यंत मी त्याच्या हाताकडे बघत उभा.

कोल्हापूर सोडलं की हंगामात त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. समोर मोकळा रस्ता मिळतो तो जेमतेम. पाय जरासा दाबला की गिअरबॉक्स पटकन खालचा गिअर टाकतो, पाठ सीटला टेकते आणि ट्रॅक्टर आरशात. आरडाओरडा नाही. परतीला आईच्या मांडीवर सोलकढीचा स्टीलचा डबा होता. कम्फर्ट मोडवर अख्खा घाट चढलो, थेंब सांडला नाही. स्पोर्ट मोडला हीच गाडी खर्जात गुरगुरते, पण ते कधी ऐकायचं हे आपल्या हातात.

विरोधकांनी यावं.

हिशोबनीस
आलो. २०२१ मध्ये आली तेव्हा शोरूमची किंमत ६२.९० लाख. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के रस्ता कर, म्हणजे आठ लाखांवर नुसता करच. तेवढ्यात धाकटीला वेगळी गाडी येईल. बरं, पळवायची कुठे? एक्सप्रेस वेला सपाटीवर मर्यादा १००, समृद्धीवर १२०, डोक्यावर कॅमेरे. पाच सेकंदांत शंभरला पोचलात. मग उरलेला तासभर काय, भजन म्हणायचं? उसाचा ट्रॅक्टर माझी जुनी डिझेल सेडानही ओलांडते. जरा थांबावं लागतं, इतकंच.

घाटकरी
ते "जरा थांबावं लागतं" हेच तर. मजा १२० च्या वर नाहीच, ४० ते ९० मध्ये आहे. समोरून एसटी येत असताना चुकीच्या बाजूला जितका कमी वेळ, तितकं बरं.

हिशोबनीस
समोरून एसटी येत असताना तुम्ही ओव्हरटेक करता? मग प्रश्न एचपीचा नाहीये, मालक.

जुनं_लोखंड
दोघंही चुकताय. ही गाडी साधी आहे हेच मला मान्य नाही. जाळीची ग्रिल, मागे चौकोनाकडे झुकणारे दोन मोठे सायलेन्सर. जाणकाराला पन्नास फुटांवरून कळते. झाकली मूठ बघायची तर मर्सिडीजची ५००ई बघा, १९९० ची. वरून नेहमीची डब्ल्यू१२४ सेडान, जर्मनीत टॅक्सी म्हणून फिरायची तीच. आत पाच लिटरचं, आठ सिलिंडरांचं व्ही८ इंजिन, ३२६ एचपी. चाकांवरचे पत्रे इतके रुंद केले की झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातल्या लाइनवर गाडी मावेना. म्हणून जुळणी पोर्शेकडे, त्सुफेनहाउझेनला. सांगाडे दोन कारखान्यांत ये-जा करायचे. आणि ओळख काय, तर फुगीर चाककमानी. बघणाऱ्याला वाटावं, गाडी जरा बाळसं धरतेय.

घाटकरी
५००ई पुढे हात जोडले. पण ती आज पुण्यात सर्व्हिसला कुणाकडे नेऊ? एम३४०आय चेन्नईत जुळते. एवढी एक बाजू तरी माझी धरा.

बिनआवाजी
इंजिनाच्या गुरगुरीचं कौतुक संपलं असेल तर एक आकडा सांगतो. बीवायडी सील, विजेवरची सेडान, वरचं मॉडेल, २०२४ मध्ये ५३ लाखांना आली. ५३० पीएस (एचपीच म्हणा), शंभरला ३.८ सेकंद. ना सायलेन्सर, ना आवाज. न मिरवणारी म्हणतात ती ही.

जुनं_लोखंड
मिक्सरही झटक्यात फिरतो. त्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही.

बिनआवाजी
मिक्सरला नावं ठेवा, पण चटणी त्यातलीच खाता.

खड्डेपुराण
मुद्द्याचं कुणी बोलेना. वेगवान सेडान म्हणजे बुटकी गाडी आणि पापडासारखे टायर. माझी वेगळ्या कंपनीची आहे, तरी दुखणं तेच. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. पंक्चरवाल्याने बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "याला काही होत नाही, बदलाच." जोडीने बदलावे लागले. तेव्हापासून पाऊस पडला की मी रिक्षाने जातो. ३७४ घोडे पागेत, मालक रिक्षात, असं व्हायचं.

घाटकरी
हा मुद्दा बिनतोड. सोसायटीच्या गतिरोधकावर मीही तिरकी घालत होतो, वॉचमन हसत होता. एक तक्रार माझीही: २०२२ च्या बदलानंतर एसीची बटणं गेली, सगळं पडद्यात. घाटात काचेवर वाफ धरली की बोटाने मेनू शोधत बसा.

हिशोबनीस
आता बोललात खरं. आईंचं मत काय पडलं?

घाटकरी
विचारायला नको होतं. म्हणाली, "गाडी गुणी आहे रे, पण बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं आणि गुडघे पुढच्या सीटला टेकतात. पुढच्या वेळी आपलीच आण."