शिरपूरच्या जुन्या गॅरेजचा फोटो कोणत्या काळातला असावा?

प्रश्न
नमस्कार. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरला आमच्या आजोबांचे गॅरेज होते आणि त्याच्या पुढ्यातच पेट्रोल पंप होता. आता दोन्ही राहिलेले नाहीत. घरात उरली आहे ती एक ग्रीस गन आणि एक फोटो. फोटोत हाताने दांडा मारून चालवायचा, वर काचेच्या दोन बरण्या असलेला पंप दिसतो. मागच्या पाटीवर ‘बर्मा शेल’ असे वाचता येते, तर कडेला एक ट्रक उभा आहे. आजोबांच्या कामाचा इतिहास नातवंडांसाठी लिहून ठेवायचा आहे, म्हणून जाणकारांनी काळ सांगावा, ही विनंती.

उत्तर १
बर्मा शेल या तेल कंपनीचा कारभार सरकारने १९७६ मध्ये ताब्यात घेतला आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली, त्यामुळे फोटो बहुधा त्याआधीचा आहे. ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा आहे का, ते भिंगाने पाहा. टाटांनी मर्सिडीजशी करार करून ते ट्रक १९५४ पासून बनवले आणि तो करार १९६९ मध्ये संपला. बरणीवर गॅलनच्या खुणा असतील, तर काळ आणखी मागे जाईल, कारण १९५६ च्या मापकायद्यानंतर गॅलन हळूहळू जाऊन लिटर आले.

उत्तर २
माझे वडील त्याच रस्त्यावर फिटर होते, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहा. शिरपूरची गॅरेजे इंदूरच्या वाटेवरच्या बिजासन घाटावर जगली. इंदूरकडून भरून आलेला ट्रक घाट उतरेपर्यंत ब्रेक इतके तापत, की चाकाचा ब्रेक-ड्रम काढताच जळक्या लायनरचा, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीचा, वास सगळ्या शेडभर पसरे. जुने रिव्हेट छिन्नीने उडवायचे, नवा लायनर बसवून एकेक रिव्हेट ठोकायचा, आणि तोवर ड्रायव्हर बाजेवर झोपलेला असायचा. पंपाच्या कमिशनपेक्षा याच कामावर घर चालत असे, असे वडील सांगत.

उत्तर ३
कागदही पाहावेत. जागेच्या जुन्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कंपनीच्या भाडेपट्ट्याची नोंद सापडू शकते. फार जुने दप्तर ‘पश्चिम खानदेश’ या धुळे जिल्ह्याच्या जुन्या नावाखाली शोधावे.

प्रश्नकर्ता
आपले सर्वांचे मनापासून आभार. भिंगाने पाहिले, तारा स्पष्ट दिसतो. बरणीवरच्या खुणा मात्र पुसट आहेत. ट्रकचे मागचे चाक काढलेले असून ड्रम जमिनीवर ठेवला आहे, हे आज प्रथमच लक्षात आले.