गुरुत्वाकर्षण खेचतं की ढकलतं? (आणि रिकामी जागा वाकते म्हणजे नक्की काय वाकतं)

न_पडलेलं_सफरचंद

नमस्कार मंडळी, मी कॉमर्सवाला, तेव्हा आधीच सांगतो, समीकरणं घेऊन अंगावर येऊ नका. काल झोप लागेना म्हणून एक व्हिडिओ लावला, त्यातून दुसरा, आणि आता डोक्याचा भुगा झालाय. त्यातला माणूस म्हणे पृथ्वी आपल्याला खेचतच नाही, सगळ्या बाजूंनी अतिसूक्ष्म कणांचा मारा कायम चालू असतो, खालून येणारे काही कण पृथ्वी अडवते म्हणून वरचा मारा भारी पडतो आणि आपण खाली ढकलले जातो. खरं सांगू, मला हे आइनस्टाइनपेक्षा जास्त पटलं!! अवकाश वाकतो म्हणतात पण रिकाम्या जागेत वाकायला आहे काय? वर हिशेब जुळला नाही की डार्क मॅटर, म्हणजे कुणाला न दिसणारं वस्तुमान. आमच्याकडे ताळेबंदात फरक राहिला की तो सस्पेन्स अकाउंटला टाकतात, तसंच झालं की हे. जुनी थिअरीच चुकली असं सरळ म्हणायला काय जातंय?

जडत्वाचा_गुलाम

व्हिडिओवाल्याने नवीन काही सांगितलेलं नाहीये, जिनिव्हाच्या ल साज नावाच्या माणसाने १७४८ च्या सुमारास हेच मांडलं होतं, आणि त्याच्याही आधी न्यूटनच्या ओळखीतल्या फातियोने. वेडगळ नाहीये हां कल्पना. अंतर दुप्पट केलं की समोरचा गोळा आकाशात पाव जागा अडवतो, म्हणजे सावली पाव, म्हणजे बल पाव, न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम फुकटात हातात पडतो.

घोळ पुढे आहे. पावसात पळणाऱ्याची छाती पाठीपेक्षा जास्त भिजते ना? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किमी पळतेय, म्हणजे समोरून कण जास्त आदळणार, ती हळूहळू मंदावत सूर्याकडे सरकणार. बरं, कणांचा वेग प्रचंड वाढवून हा अडथळा नगण्य करता येतो, पण मग तितकंच बल मिळवताना कणांची जी ऊर्जा पृथ्वी गिळते ती बेसुमार वाढते. मॅक्सवेलने १८७५ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं की एवढी उष्णता जाणार कुठे, सगळं क्षणात जळून जायला हवं. मग कण गिळू नका, नुसते परत उडवा असं म्हणाल तर उडालेले कण सावली भरून काढतात आणि गुरुत्वाकर्षणच गायब! एक भोक बुजवलं की दुसरं उघडतं.

घड्याळजी

"रिकामी जागा वाकते म्हणजे काय वाकतं" हा प्रश्न झकास आहे आणि याचा निम्मा दोष त्या रबरी चादरीवर गोळा ठेवलेल्या चित्राचा. चादरीवरची गोटी घरंगळते कारण चादरीखाली पृथ्वी आहे, म्हणजे जे समजावायचंय तेच आधी वापरून बसलेत.

जागा विसरा, घड्याळ घ्या. खालचं घड्याळ वरच्यापेक्षा हळू चालतं, एवढंच लक्षात ठेवा, आणि हे नुसतं कागदावर नाही. २०१० मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचललं तर वरचं किंचित पुढे जाताना मोजता आलं, म्हणजे दीड पायरी चढलात तरी काळाचा वेग बदलतो. जीपीएसच्या उपग्रहांवर उंचीमुळे घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं, उरले ३८, आणि तेवढ्या वेळात प्रकाश ११ किमीच्या वर जातो. हे धरलं नाही तर नकाशा तुम्हाला भलत्याच गावात नेऊन सोडेल.

सफरचंद पडतं ते जवळपास सगळं या काळाच्या उतारामुळे, जागेच्या वाकण्याचा वाटा आपल्या वेगांना कळतही नाही. प्रकाशाला मात्र दोन्ही सारखंच लागतं, म्हणून सूर्याजवळून जाताना तो ०.८७ नाही तर १.७५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळतो, १९१९ च्या ग्रहणात तेच तपासायला गेले होते.

मॉन्डप्रेमी_पण_शुद्धीवर

सस्पेन्स अकाउंट आवडलं पण इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. युरेनस वाट सोडून चालत होता, ल व्हेरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने न दिसणारा ग्रह गृहीत धरला आणि १८४६ मध्ये त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. एंट्री क्लिअर! मग त्याच माणसाने १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतला फरक पकडला, आताच्या मापाने शतकाला ४३ आर्कसेकंद, आणि पुन्हा तीच युक्ती, आत व्हल्कन नावाचा ग्रह असणार. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला, नव्हताच. १९१५ मध्ये आइनस्टाइनने नियमच बदलला आणि ४३ बरोब्बर निघाले. तर डार्क मॅटर नेपच्यून आहे की व्हल्कन, भांडण एवढंच आहे.

आणि नियम बदला म्हणणारे आहेत की! मिलग्रॉम नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मॉन्ड मांडलं, त्वरण एका मर्यादेखाली गेलं की न्यूटनचा नियम बदलतो. मर्यादा किती छोटी, तर त्या त्वरणाने शून्यातून निघालात तर सेकंदाला एक मीटर वेग गाठायला अडीचशेपेक्षा जास्त वर्षं लागतील. या एका आकड्यावर शेकडो दीर्घिकांच्या कडेच्या ताऱ्यांचे वेग छान बसतात, आणि डार्क मॅटरवाल्यांनी हे उडवून लावू नये असं माझं मत. पण दीर्घिकांच्या समूहांपाशी मॉन्डलाही न दिसणारं वस्तुमान लागतंच, म्हणजे सस्पेन्स अकाउंट त्यांच्याही वहीत आहे 😄 त्यात १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याचं कळलं, गुरुत्वलहरी (अवकाश-काळातल्या लाटा) आणि गॅमा किरण १३ कोटी प्रकाशवर्षं येऊन फक्त १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले, आणि दोघांचा वेग वेगळा सांगणाऱ्या कितीतरी थिअरीज एका दिवसात आडव्या झाल्या.

न_पडलेलं_सफरचंद

बापरे, थँक्यू सगळ्यांना. घड्याळाचं पटलं पण पचायला वेळ लागेल. कणांच्या माऱ्याबद्दल एक शेवटची शंका, मग ग्रहणात चंद्र मध्ये आल्यावर सूर्याकडून येणारे कण तोही अडवणार ना, म्हणजे दोन सावल्या एकावर एक?

जडत्वाचा_गुलाम

कॉमर्सवाले म्हणे! बरोबर पकडलंत. एकावर एक आलेल्या सावल्यांची सरळ बेरीज होत नाही, म्हणजे ग्रहणात सूर्य आणि चंद्राची मिळून ओढ थोडी कमी भरायला हवी. ती कमी भरत नाही हे जमवायचं तर पदार्थ कणांना जवळपास पारदर्शक धरावा लागतो, म्हणजे अगदी मोजकेच कण अडणार, मग मारा आणखी वाढवा, आणि उष्णता परत दारात उभी.

न_पडलेलं_सफरचंद

व्हिडिओखाली हीच शंका कमेंटमध्ये टाकली होती. त्याने डिलीट केली.