शब्दचर्चा : ‘खुली’ अर्थव्यवस्था, ‘मुक्त’ अर्थव्यवस्था आणि ‘उदारीकरण’

महालकर :
स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टिपणं काढतोय. विषय : खुल्या बाजाराकडे वळलेल्या देशांचा जगाच्या आर्थिक वाढीवर झालेला परिणाम. पेपरवाले एकाच बातमीत ‘खुली अर्थव्यवस्था’, ‘मुक्त अर्थव्यवस्था’ आणि ‘उदारीकरण’ आलटूनपालटून लिहितात. तिन्ही एकच का? शिवाय ‘ट्रान्झिशन इकॉनॉमी’ला ‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ म्हटलं, तर आपल्या नागपुरी मुलांना हिंदीतलं संक्रमण, म्हणजे संसर्ग, आठवतं. एकानं विचारलंच, ‘सर, अर्थव्यवस्थेला काय झालं?’

तर्रीपोहे :
एकच नाहीत. बाहेरच्या मालाला आणि पैशाला दार उघडलं की ‘खुली’. आतल्या व्यवहारावरचा सरकारी लगाम काढला की ‘मुक्त’. दोन्ही एकत्र घडतातच असं नाही. चीननं 1978 नंतर दार उघडलं, 1980 मध्ये शेनझेनसारखी विशेष क्षेत्रं काढली, 2001 च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत गेला. पण मोठ्या बँका आणि शहरातली जमीन आजही सरकारचीच. चीनला ‘खुली’ चालेल, ‘मुक्त’ म्हणताना जीभ अडखळावी.

रशियाचं उलट. 2 जानेवारी 1992 ला बहुतेक किमतींवरचं नियंत्रण एका फटक्यात काढलं. भाव आभाळाला भिडले आणि त्या दशकात देशाचं उत्पादन जवळपास 40 टक्क्यांनी घसरलं. पोलंडनं दोन वर्षं आधी, जानेवारी 1990 मध्ये, तसलंच औषध घेतलं. आधी तोही आकसला, पण 1992 पासून वाढीला लागला. तेव्हा ‘बाजार मुक्त केला की वाढ होते’ असलं सरळसोट वाक्य टिपणात टाकू नका भाऊ. मुलं पाठ करतात.

‘संक्रमणशील’ राहू द्या, पण फक्त सोव्हिएत वळणाच्या नियोजनातून बाहेर पडलेल्या देशांसाठी. भारताला ते लागत नाही. आपल्याकडे खासगी धंदा आधीपासून होताच, फक्त परवान्याच्या रांगेत उभा होता.

पऱ्हाटी :
तुम्ही सगळे पुस्तकातून बोलून राहिले. आमच्या भागात ‘खुला बाजार’ हा शब्द 1991 च्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा परदेशाशी काही संबंध नाही. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस पणन महासंघालाच द्यायचा, व्यापाऱ्याला नाही. म्हणजे खुला बाजार बंदच! साखरेचंही तसंच : लेव्हीची, म्हणजे सरकारनं रेशनसाठी सक्तीनं घेतलेली, वेगळी असायची, खुल्या बाजारातली वेगळी. ‘सरकारी खरेदीच्या बाहेरचा’ हा अर्थ आजही जिवंत आहे. गावात विचारतात, ‘सीसीआयले देला का खुल्यात इकला?’ सीसीआय म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, आणि ‘खुल्यात’चा अर्थ खासगी व्यापाऱ्याला, पडेल त्या भावात.

आता दोन्ही अर्थ एका वाक्यात कसे भिडतात ते पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. तेव्हा ऐकलेलं वाक्य : ‘बाजार खुला केला म्हणून खुल्यात भाव नाही.’ पहिला ‘खुला’ दिल्लीचा, दुसरा आमच्या जिनिंगच्या फाटकावरचा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, तो कागदावर. तुमच्या टिपणात दोन्ही अर्थ देजा बाप्पा, नाहीतर शेतकऱ्याचं पोरगं गोंधळेल.

संत्र्याचंही असंच. आपण खुले असून भागत नाही, समोरचाही खुला लागतो. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडच्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक आखडला.

सेमिनरी हिल्स :
‘उदारीकरण’ मला कधीच पटलेला नाही. सरकार जणू खिशातून काही देतंय. अर्थ आहे निर्बंध सैल करणं. ‘शिथिलीकरण’ जास्त प्रामाणिक झालं असतं. पण 24 जुलै 1991 ला नवं औद्योगिक धोरण आलं, 18 उद्योग सोडून बाकीच्यांची परवान्याची सक्ती गेली, आणि ‘उदारीकरण’ रूढ झालं ते झालंच. (त्यावेळचे पंतप्रधान नरसिंह राव आधीच्या दोन लोकसभांत आपल्या रामटेकचे खासदार होते, हे मुलांना सांगा, तारीख लक्षात राहील.)

खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण मिळून झालेला ‘खाउजा’ मात्र फर्मास. त्यात टोमणा आहे, म्हणून भाषणात शोभतो, उत्तरपत्रिकेत जपून.

महालकर :
आणि ‘इमर्जिंग मार्केट’?

सेमिनरी हिल्स :
‘उदयोन्मुख बाजारपेठ’. मूळ शब्दच जाहिरातीचा आहे. 1981 मध्ये जागतिक बँक गटाच्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातल्या आंत्वान व्हान आख्तमाल यांनी काढला, कारण ‘तिसरं जग’ नावाच्या फंडात पैसे कोण टाकणार? म्हणून देशाबद्दल लिहिताना ‘अर्थव्यवस्था’, गुंतवणुकीबद्दल लिहिताना ‘बाजारपेठ’.

तर्रीपोहे :
‘विकासदर’ही तपासा. पेपरात ‘विकासदर 7 टक्के’ छापतात, तो असतो वृद्धिदर, म्हणजे उत्पादनाची वाढ. दवाखाने, शाळा, पाणी हा विकास वेगळा मोजावा लागतो. विषय वाढीचा आहे, तर ‘वाढ’च लिहा, साधा शब्द आहे म्हणून कमी दर्जाचा होत नाही.

उदाहरण हवं तर 2009 घ्या. जगाचं एकूण उत्पादन किंचित घटलं, पण चीन आणि भारत वाढतच राहिले. ते नसते तर घसरण खोल गेली असती. दुसरी बाजू व्हिएतनाम. 1986 मध्ये ‘दोइ मोइ’ नावाच्या, बाजाराकडे वळणाऱ्या सुधारणा सुरू झाल्या आणि 2000 च्या सुमारास तो देश कॉफीत ब्राझीलच्या खालोखाल पोहोचला. जगात कॉफी उदंड झाली, भाव कोसळले, त्याची झळ कूर्गच्या मळेवाल्यांनाही लागली. एकाची वाढ जगाच्या आकड्यात बेरजेत दिसते. तिसऱ्याच्या अंगणात ती वजाबाकी असू शकते.

महालकर :
मग हे वाक्य कसं वाटतं? ‘बाजाराभिमुख झालेल्या अर्थव्यवस्थांनी जागतिक वाढीत सिंहाचा वाटा मिळवला.’

पऱ्हाटी :
‘मिळवला’ म्हणजे घेतला. तुम्हाला तर त्यांनी भर घातली म्हणायचं आहे ना?

तर्रीपोहे :
बरोबर. ‘जागतिक वाढीत मोठी भर घातली’ करा, सिंह काढून टाका. आणि ‘अर्थव्यवस्थांनी’च्या आधी ‘काही’ घाला, रशियासाठी.