एडीएचडीच्या तपासणीआधी मुलीच्या झोपेचं काय काय पाहावं?

अबोली१२:
मुलगी ७ वर्षांची. वर्गात एका जागी टिकत नाही, गृहपाठ अर्धवट सोडते, संध्याकाळी फार चिडचिड करते. शिक्षकांनी एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) तपासणी सुचवली आहे. साडेनऊला अंथरुणावर जाते, पण झोप लागते साडेदहाला. तोवर ‘पाय चेपून दे’ चालू असतं. तोंड उघडं ठेवून झोपते, बऱ्याच रात्री घोरते. साडेसहाला उठवावं लागतं. दिवसा मात्र पेंगत नाही. तरी झोपेचा संबंध असेल का? डॉक्टरांकडे कोणत्या नोंदी न्याव्यात?

शांतरात्र:
पेंगत नाही म्हणजे झोप पुरते, असं नाही. झोप कमी पडली की मोठी माणसं सुस्तावतात; या वयातली मुलं बहुधा जास्तच चळवळी, हट्टी होतात. साडेदहा ते साडेसहा म्हणजे ८ तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात.

पण आधी घोरण्याकडे बघा. सर्दी नसताना आठवड्यात ३ किंवा जास्त रात्री घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. साधारण २ ते ८ या वयात टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) श्वासमार्गाच्या मानाने मोठे असतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावले की वाट अडते आणि श्वास घ्यायला मेंदू क्षणभर जागा होतो. मुलाला यातलं काही आठवत नाही, पण रात्रभर झोपेचे तुकडे पडतात.

मोबाइलवर ५ मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आवाजासकट, छाती आणि पोट उघडं दिसेल असा. झोप लागल्या लागल्या नको, पहाटे घ्या. स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि मुलांचा श्वास तीतच जास्त अडतो. पोट फुगताना छाती आत ओढली जाते का, मान मागे टाकते का, श्वास थांबून मग धाप लागते का, ते पाहा. खूप घाम येणं किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, हेही सांगा.

लोलक:
वरच्याला जोड. झोपेची रात्रभराची चाचणी (पॉलिसोम्नोग्राफी) झाली तर अहवाल मुलांच्या निकषाने वाचला आहे ना, हे विचारा. श्वास अडण्याचं प्रमाण मोठ्यांत तासाला ५ पर्यंत चालतं. मुलांत १ च्या वर गेलं तरी दखल घेतात.

टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढायची वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. ७ महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची झोप आणि वागणूक स्पष्टपणे सुधारली, पण लक्ष मोजणाऱ्या चाचण्यांत ती आणि शस्त्रक्रिया न झालेली मुलं यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून एडीएचडीची तपासणी रद्द करू नका. दोन्ही एकत्रही असू शकतं.

पाऊलखुणा:
‘पाय चेपून दे’ हे नुसतं झोप टाळण्याचं निमित्त समजू नका. पायांत वळवळल्यासारखं, खाजल्यासारखं होतं का, पाय हलवले की बरं वाटतं का, हे तिच्याच शब्दांत विचारा. तसं असेल तर डॉक्टरांना फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासायला सांगा; हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. अशा तक्रारीत फेरिटिन ५० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली असेल तर बहुधा लोह देतात, जरी प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी. ताप-संसर्गात फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा आजारपणात तपासू नका. लोहाचं औषध दुधासोबत दिलं तर नीट शोषलं जात नाही. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

अबोली१२:
आभार. मग तोवर तिला लवकर, साडेआठलाच झोपवू का?

शांतरात्र:
नको, तिथेच गाडी अडते. नेहमीच्या झोपेआधीचे एक-दोन तास मेंदू सर्वांत तरतरीत असतो. तेव्हा आडवं केलं की अंथरूण म्हणजे तळमळ, अशी सवय लागते. सध्या सव्वादहाला अंथरुणावर, साडेसहाला उठणं, सुट्टीच्या दिवशीही. सलग ३ रात्री २० मिनिटांत झोप लागली की वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम अर्धा तास ओढू नका. नऊपर्यंत पोचायचं आहे. झोपेआधी तासभर स्क्रीन बंद, दुपारनंतर चहा-कोला नाही.

रोज आडवं होण्याची, झोप लागण्याची, मध्ये जागण्याची आणि उठण्याची वेळ २ आठवडे लिहा. शेजारी एक रकाना शिक्षकांच्या त्या दिवसाच्या शेऱ्याचा ठेवा.