ज्वारीचे पोंगे वाळताहेत: खोडमाशी की खोडकिडा? मदत हवी आहे

मंडळी, शेतातूनच लिहितोय, चूकभूल समजून घ्या.

पाऊस लांबला, त्यामुळे पेरणी दोन आठवडे मागे गेली. उगवण मात्र झकास झाली. आज उगवून १८ दिवस झालेत. गेल्या आठवड्यापासून मधला पोंगा (नवी पानं निघतात तो कोंब) पिवळा पडून वाळतोय, बाजूची पानं हिरवीगार. आधी पाच-सहाच रोपं होती म्हणून कानाडोळा केला. मग कुणीतरी म्हणालं 'मर लागलीय', आणि मी शहाण्यासारखं बुरशीनाशक मारून मोकळा झालो. चार दिवस गेले, औषध गेलं, पोंगे वाळायचे काही थांबेनात.

आज सकाळी एक पोंगा चिमटीत धरून ओढला तर अलगद हातात आला. बुडाशी काळपट, लिबलिबीत, आणि वास असा की बोटं दोनदा मातीत घासली. अळी दिसली नाही. पाच ठिकाणी वीस-वीस रोपं मोजली, शंभरात १४ गेलेली निघाली.

ही खोडमाशी की खोडकिडा? आता फवारून उपयोग आहे का? आणि गेलेली रोपं उपटून म्हशीपुढे टाकली तर चालतील ना? तेवढीच वैरण.

जुना पाभरवाला:
शेवटचा प्रश्न आधी. म्हशीपुढे टाकू नका! इतक्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावराला किरळ लागते. किडीनं पोंगा मेल्यावर बुडातून येणारे फुटवे तर आणखी वाईट. धाप लागून जनावर बघता बघता आडवं होतं, डॉक्टर यायलाही वेळ मिळत नाही. उपटलेलं सगळं लांब खड्ड्यात पुरा. आता गव्हाणीत काही पडलं असेल तर आधी ते काढा, बाकीचं मग वाचा.

काळी माती:
वास आणि वय दोन्ही खोडमाशीकडे बोट दाखवतात. पण अंदाजावर जाऊ नका, एकदा अंदाजानंच औषध वाया गेलंय. नुकताच मलूल झालेला पोंगा निवडा (पार वाळलेल्यात काही सापडत नाही) आणि खोड ब्लेडनं उभं चिरा. बिनपायाची, डोकं वेगळं न दिसणारी पिवळट अळी निघाली तर ती माशीची. तपकिरी डोक्याची, अंगावर काळे ठिपके असलेली निघाली तर खोडकिडा.

खोडकिड्याची आणखी एक खूण असते. अळी गुंडाळलेल्या पोंग्यातच खाते, म्हणून पान उलगडल्यावर आडव्या रेषेत भोकं दिसतात. घडी घातलेल्या कागदाला एकदाच दाभण टोचावं, तशी. तुमच्याकडे अशी भोकं आहेत का? आणि चांगल्या रोपांच्या पानांची खालची बाजू बघितली का?

धागाकर्ता:
पाभरवाले दादा, हात जोडतो. एक पेंढी गव्हाणीत पडलीच होती, म्हैस अजून बाहेर होती म्हणून निभावलं. काढली.

चार खोडं चिरली. दोन रिकामी, दोनात पिवळट अळी, डोकं-पाय काही कळत नाही. रेषेतली भोकं कुठेच नाहीत. पण पान उलटून मोबाईलनं मोठं करून बघितलं तर मधल्या शिरेला समांतर पांढरं काहीतरी चिकटलंय, तांदळाच्या कणीहून बारीक. एका पानावर एकच.

काळी माती:
मग शंका नको, ती खोडमाशीचीच अंडी. एक-दोन दिवसांत फुटतात, अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंबच कापते. म्हणून वाळलेल्या पोंग्यावर फवारून काही मिळत नाही, तो गेला. फवारणी करायची ती अजून धड असलेल्या रोपांसाठी. १० टक्के पोंगेमर ही आमच्याकडची धोक्याची रेघ, तुम्ही ती ओलांडलीत. डब्याच्या लेबलवर ज्वारी आणि खोडमाशी दोन्ही लिहिलेलं असेल तेच कीटकनाशक घ्या, प्रमाणही तिथलंच. रोप महिन्याचं झालं की माशीचा जोर संपतो, म्हणजे तुम्हाला सांभाळायचेत दहा-बारा दिवस. खोडकिडा मात्र पुढे कधीही येऊ शकतो, भोकांवर नजर ठेवा.

जुना पाभरवाला:
बी किती टाकलं होतं? विरळणी झाली का?

धागाकर्ता:
बी नेहमीइतकंच, बीजप्रक्रिया न करता. विरळणी राहिलीय.

जुना पाभरवाला:
राहिली तेच बरं झालं. आता विरळताना गेलेली रोपं काढा, धड ठेवा, अंतर थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. पेरणी लांबली की माशी ठरलेलीच, कारण तोवर तिची पैदास वाढलेली असते. अशा वेळी बी जरा जास्त टाकायचं आणि कीटकनाशकाची बीजप्रक्रिया चुकवायची नाही. गंधक चोळलं म्हणजे झालं असं काही जण समजतात. ते काणीसाठी (कणसावरचा बुरशीचा रोग), माशीला त्याचं काही नाही.

धागाकर्ता:
आणि फुटवे? एका रोपाला दोन-दोन आलेत. ठेवू का?

काळी माती:
जिथे ओळीत मोठी मोकळी जागा पडलीय तिथे एक ठेवा. बाकी ठिकाणी मोह नको. फुटव्याचं कणीस मागून निसवतं, आणि फुलोरा असा मागेपुढे झाला की उशिरा फुलणाऱ्या कणसांवर मिजमाशी येते. ती दाणाच भरू देत नाही.

धागाकर्ता:
समजलं. उद्या ऊन व्हायच्या आत विरळणीला लागतो, वारा पडला की फवारणी. आठवड्यानं त्याच पाच जागा पुन्हा मोजून इथेच आकडा टाकतो.