डायलिसिसवर आहे. पाहुण्यांकडं पाणी नको म्हणताना तुम्ही काय सांगता?

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. वाचते बऱ्याच वर्षांपासून, लिहितेय पहिल्यांदा. वय २४, गाव खानापूर तालुक्यातलं, बी.कॉम. झालंय. दोन्ही किडन्या निकामी. १४ महिने झाले, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, बेळगावला, ११ ते ३ च्या पाळीत. रोग कशानं झाला, कुठला डॉक्टर चांगला, हे विचारायला आलेली नाही. ते चालू आहे. मला रोजचं विचारायचंय. म्हणजे अगदी साधं, पाण्याचं.

माझी दिवसाची लघवी आता जेमतेम कपभर. तेवढं आणि वर अर्धा लिटर, असं सगळं मिळून ६०० मिली प्यायचं, असा हिशेब घालून दिलाय. त्यात चहा आला, आमटीचं पाणी आलं, ताक आलं, गोळ्या गिळायचा घोटसुद्धा आला. जादाचं पाणी काढून झाल्यावर जे वजन उरायला पाहिजे, ते माझं ४३ किलो. एक लिटर जास्त प्यायलं की काट्यावर एक किलो जास्त. तिथं थाप चालत नाही. सिस्टर दारातच विचारतात, "तूक एष्टु?" मला कन्नड बेताचंच येतं, खरं हे दोन शब्द आता झोपेत विचारले तरी कळतील. वजन किती!

घरात जमतं. आईनं माझी बाटली वेगळी ठेवलीय, सकाळी भरली की दिवसभर तीच. अडतं ते बाहेर. आपल्याकडं उंबरा ओलांडला की हातात तांब्या आणि गुळाचा खडा. नको म्हटलं की माणसाचं तोंड उतरतं.

वैशाखात चुलतबहिणीचं लग्न झालं. आदल्या दिवशी कासार आला चुडा भरायला. माझ्या डाव्या हाताला फिस्टुला आहे (शीर आणि धमनी जोडून सुया टोचायला जागा केलेली असते ती), त्या हातात बांगड्या नाहीत, घड्याळ नाही, कळशी उचलायची नाही, बीपीसुद्धा त्या हातावर मोजू द्यायचं नाही. मी उजवा हात पुढं केला आणि डावा पदराखाली घेतला. झालं. "एकाच हातात? असं गं कसं?" कासारानं बिचाऱ्यानं काही न विचारता उजव्या हातात भरल्या आणि पुढच्या बाईकडं वळला. शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी मांडवात ऊन म्हणजे ऊन. एका आत्यानं पाणी दिलं, मी नको म्हटलं. तर भर बायकांत, "आमच्या घरचं पाणी चालत नाही काय गं हिला आता? शहरात जाऊन यायला लागली ती!" सगळ्या हसल्या. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. आजाराचं आईबाबांनी चार घरांपलीकडं सांगितलेलं नाही, माझ्या लग्नाचं अजून त्यांच्या डोक्यात आहे. मी तो तांब्या घेतला आणि प्यायले. मग सरबत आलं, ते प्यायले. जेवताना मठ्ठा. खरं सांगू? त्या पहिल्या घोटाला इतकं बरं वाटलं की रडू यायचं बाकी होतं.

सोमवारी काटा ४५.९. तिसऱ्या तासाला डाव्या पोटरीत पेटका आला. ओला टॉवेल दोघांनी धरून पिळावा तशी पोटरी आतनं पिळत गेली. टेक्निशियननं पाणी ओढायचं थांबवलं, सलाईन सोडलं, पाय धरून ताणला. शेजारच्या बेडवरचे आजोबा मला बघून विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागले. पाणी सगळं निघालंच नाही, तसंच घेऊन घरी. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, भिंतीला उशी लावून बसूनच काढली.

तर प्रश्न असे.

आजार न सांगता पाणी कसं टाळायचं? "उपवास आहे" सांगून बघितलं, तर म्हणतात उपवासाला पाणी चालतं.

दुसरं, नोकरी. आधी खडेबाजारात एका हिशेबनिसाकडं होते, टॅली आणि जीएसटी येतं. आता उद्यमबागेत एका सुट्या भागांच्या दुकानात जागा आहे, मालक ओळखीतले. त्यांना १० ते ७ माणूस पाहिजे, आठवड्याचे सहा दिवस. सांगून जाऊ, का लागल्यावर सांगू? पैशाची निकड आहेच. कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळं (बायकांना सरकारी बस फुकट) २०२३ पासून माझं आणि आईचं तिकीट शून्याचं येतं, तेवढा आधार. बाकी इंजेक्शनं, तपासण्या चालूच.

तिसरं लहान आहे. आहाराचा छापील कागद दिलाय, त्यात इडली, उपमा, रागी. आमच्यात दोन वेळ भात, जोंधळ्याची भाकरी, आमटी. बाबांचं रताळ्याचं शेत, मागं दोन फणस, काजू. कुंदा, करदंट ही इकडची मिठाई बंद. आमच्या जेवणात बसवून कोणी सांगेल काय?

---

दूधगंगा:

ताई, माझा धाकटा भाऊ सहा वर्षं डायलिसिसवर आहे, चिकोडी तालुक्यातले आम्ही. तो कुणाकडं गेला की पाणी नको म्हणतच नाही. खिशात औषधाच्या बाटलीचं छोटं माप असतं, ३० मिलीचं. तांब्या घेतो, मापभर ओततो, पितो, तांब्या परत. "माझं माप आहे" म्हणतो. लोकांना पाणी नाकारलेलं लागतं, कमी प्यायलेलं लागत नाही. शिवाय माप बघितलं की लोक समजतात कसलं तरी औषध चालू आहे, पुढं विचारत नाहीत. घरी बाटलीतलंच मोजलेलं पाणी बर्फाच्या ट्रेत घालून ठेवतो आणि एकेक खडा चघळतो. खडा पुरतो जास्त वेळ. बर्फ म्हणजेही पाणीच, ते बाटलीतनं वजा करायचं, सुरुवातीला तो हे विसरायचा.

---

सह्याद्री५५:

या सगळ्या मशीनच्या भानगडीत पडू नका. रोज पुनर्नव्याचा काढा आणि शहाळ्याचं पाणी घ्या, माझ्या मेहुण्याची किडनी तीन महिन्यांत सुधारली.

---

सुईदोरा (डायलिसिस टेक्निशियन):

वरच्या प्रतिसादाला आधी उत्तर देतो कारण ते धोक्याचं आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी चालत नसताना ते अंगात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, पुष्कळदा आधी काही कळतही नाही. काढ्याचं पाणीही पाणीच, आणि त्यात काय काय उकळलंय ते कुणाला माहीत. तुमच्या मेहुण्यांना बरं वाटलं, आनंद आहे, पण त्यांचा आजार हाच होता का?

आता मलप्रभाकाठ, तुमचं. ४३ किलोच्या माणसाकडून चार तासांत साधारण सव्वादोन लिटरच्या वर ओढू नये. ताशी दर किलोला १३ मिली, हा धरून चालायचा आकडा. तुम्ही आणलंत २.९. पेटका येणारच होता. त्यात शुक्रवार ते सोमवार हे तुमचं लांबचं अंतर, मधे दोन दिवस मोकळे. लग्नं नेमकी तेव्हाच असतात! पुढचं कार्य ठाऊक असेल तर युनिटला आधी सांगा, जागा असेल तर शनिवारची एक जादा पाळी किंवा वाढीव तास देतात. आणि आडवं पडल्यावर दम लागला तर उशी लावून रात्र काढायची नाही, त्याच रात्री फोन करून दवाखाना गाठायचा. फुप्फुसात पाणी झालेलं असू शकतं. हे आईलाही सांगून ठेवा.

तहानेचं खरं मूळ मिठात आहे. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट, फरसाण हे पोटात गेलं की नुसत्या निग्रहानं पाणी थांबत नाही. लग्नात पाण्याआधी तुम्ही पानातलं काय खाल्लंत ते आठवून बघा. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मीठ मिळतं ते बिलकुल आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

जेवणाचं: भात तुम्हाला सोयीचा आहे, तो सोडायचं कारण नाही. भाकरी किती ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. बटाटा किंवा कुठलीही भाजी साल काढून बारीक चिरा, भरपूर कोमट पाण्यात दोनेक तास ठेवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात उकडा, तेही ओता, मग फोडणी. चव जाते, खोटं कशाला बोलू, पण पोटॅशियम बरंच उतरतं. रताळं, फणस, काजू या तिन्हींपासून लांब. कुंद्यात आटवलेलं दूध म्हणजे फॉस्फरस. आमटीत वरचं पाणी कमी, डाळ किती तेही विचारा, कारण डायलिसिसवर प्रोटीन कमी करून चालत नाही. फॉस्फरस कमी ठेवायच्या गोळ्या जेवताना घ्यायच्या असतात, नंतर आठवण झाली म्हणून घेतल्या तर उपयोग कमी. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढच्या महिन्याचं पोटॅशियम हातात आलं की हे सगळं तुमच्या युनिटमध्ये दाखवून मगच पक्कं करा.

---

निपाणीची मावशी:

बाळा, तुझं ते "खरं" वाचून माहेर आठवलं. पुण्यात मी 'पण'च्या जागी "खरं" म्हटलं की सून विचारते, काय खरं?

पाण्याचं मी सांगते. तांब्या घे, ओठाला लाव, थोडं ओठ ओले कर आणि "आत्ताच पिऊन आले बघा काकी, गूळ मात्र घेते" म्हण. खडा नखाएवढा मोडून घे. (गुळात पण ते पोटॅशियम असतंय काय? टेक्निशियनदादा सांगा.) देणारीचा मान राहतो. मी स्वतः गावोगाव हळदीकुंकवाला चहा असाच चुकवलाय, तीस वर्षं, कुणाला पत्ता नाही.

आणि त्या आत्याला एकदा एकटीला गाठून सांग की गं. भर बायकांत बोलली ना, तीच उद्या भर बायकांत तुझी बाजू घेईल. अशा बायका पोटात ठेवत नाहीत, हे दोन्हीकडनं खरं. आईबाबांची काळजी कळते, खरं लग्न लपवून ठरवायचं नसतंय.

---

सुईदोरा:

मावशी, असतं. नखाएवढ्यानं काही होत नाही, पण दहा घरं फिरली तर दहा नखं होतात.

---

टाळेबंद:

मी स्वतः डायलिसिसवर आहे, पाचवं वर्ष, नोकरी चालू आहे. नोकरीबद्दल एवढंच की लागायच्या आधी सांगा. तिसऱ्या आठवड्यात कळलं तर मालकाला फसवल्यासारखं वाटतं आणि मग तुमचं काम कितीही चांगलं असो, डोळ्यांत तेच राहतं. जाताना आजार घेऊन जाऊ नका, वेळापत्रक घेऊन जा. मंगळवार, गुरुवार, शनिवार पूर्ण दिवस. बाकी दिवशी नाही. जीएसटीची विवरणपत्रं, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख, माझ्यावर, चुकणार नाही. दुकानदाराला रोज माणूस लागतो तो गल्ल्यावर, हिशेबाला तारखा लागतात. पगार अर्ध्याच्या थोडा वर मागा.

सकाळची पाळी मागून बघा असं कोणी म्हणेल, पण खानापूरकडनं पहाटे यायचं म्हणजे एसटीचा प्रश्न आणि डायलिसिसनंतरचे दोन-चार तास डोकं चालत नाही. मी तो प्रयोग केलाय, एका इनव्हॉइसला दोन शून्यं जास्त पडली होती.

ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घातलंय का? विचारलं नाहीत तरी विचारतो.

---

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे आभार. आज शुक्रवार, मशीनवर बसूनच वाचलं, उजव्या हातानं टाइप करतेय म्हणून तुटक लिहिते.

टाळेबंद, यादीचं: आईला साखर आहे, बाबांना बीपी, किडनी द्यायला दोघंही बाद. भाऊ १९ चा, तो तयार आहे, मी तयार नाही. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी दवाखान्यामार्फत जीवसार्थकतेकडं (कर्नाटकात अवयवदानाचं काम बघणारी संस्था) नोंद केलीय. महाराष्ट्रात केली असती तर, असं बाबा अजून म्हणतात. रहिवासाची अट २०२३ मध्ये केंद्रानं काढायला सांगितली हे त्यांना वाचून दाखवलं, खरं ऑपरेशन जिथं करायचं तिथंच नाव पाहिजे आणि रात्री-बेरात्री फोन आला की गाठता आलं पाहिजे, म्हणून इकडंच. त्याच वर्षी महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना त्यांची मोफत उपचारांची फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, आमच्याकडं पेढे वाटायचे बाकी होते. इकडच्या सरकारनं विरोध केला, आणि मी अजून आहे त्याच कार्डावर. त्यावर इथं वाद नको, हात जोडते, दुसरे धागे आहेत त्याला.

पानातलं आठवलं. दोन पापड आणि लोणचं. आत्याला उगीच दोष दिला.

तिच्याकडं परवा गेले होते. आईला न सांगता. सगळं सांगितलं, डावा हात दाखवला. फिस्टुल्यावर बोट ठेवलं की आत थरथरतं, मांजर घुरघुरल्यासारखं. ती थरथर आहे म्हणजे फिस्टुला चालू आहे. तिनं बोट ठेवलं आणि दचकून काढलं, मग परत ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आत गेली आणि तांब्या घेऊन आली! सवयच ती. दारातच थांबली, तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच गटागटा पिऊन टाकलं. दोघी इतक्या हसलो की काकांनी बाहेरनं विचारलं काय झालं.

दूधगंगा, खोकल्याच्या औषधाचं माप धुऊन पर्समध्ये टाकलंय. मालकांकडं मंगळवारी जाते. आज काटा ४४.६. अजून एक तास दहा मिनिटं, मग साडेतीनची बस मिळते का बघायचं.